न दिसणारी भिंत

कोलशेतच्या खाडीकडे उतरणाऱ्या त्या आवारात
मी झाडं मोजायला गेले होते:
टेप, गेरूचा डबा, महापालिकेचा तक्ता.
घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा,
नंबर टाकायचा, पुढे सरकायचं.

बंगला एकोणीसशे नऊचा.
कावसजी दुभाषांनी विलायतेहून आणलेल्या
एका चित्राबरहुकूम बांधलेला.
चिमणी आहे. तिच्यातून कधी धूर गेला नाही.
शेकोटीच्या कोनाड्यात आता फवारणीचा पंप.

तेवीस, रेनट्री. चोवीस, रेनट्री.
पंचवीस, मॅग्नोलिया, जिवंत, कसा ते कळत नाही.
सव्विसाव्याचं नाव मला येईना.
"आसाणा," पोशा तरे म्हणाला.
"कोनी लावला नाय. त्यो पयलेपासून."

व्हरांड्यात उभं राहिलं
की हिरवळ थेट खाडीला टेकते.
मध्ये कुंपण नाही, फाटक नाही,
जणू खारफुटी, बगळे, पलीकडचा काल्हेरचा किनारा
सगळं दुभाषांच्या सातबाऱ्यावर.

चालत गेले, आणि पुढचा पाय
हवेत पडता पडता राहिला.
पुरुषभर खोल खंदक.
अलीकडची बाजू उभी, काळ्या ताशीव दगडाची,
पलीकडची उतरती, गवताची.
गुरं दिसावीत, पण आत येऊ नयेत, म्हणून.

"आमचे आज्यानी खनला," पोशा खाली उतरत म्हणाला.
दगडांतल्या खाचा त्याच्या पायांना पाठ.
"बंगल्यातशी भिंत दिसाची नाय.
आमचे आंगाशी नुसती भिंतच."

मग मीही उतरले, बसून, घसरत,
पलीकडे चढून मागे वळले.
बंगला नव्हता. हिरवळ नव्हती.
दगड, दगडांवर वाळलेलं शेवाळ,
आणि वर चिमणीचं एक टोक.

येत्या चैत्रात इथे अठ्ठावीस मजल्यांचा पाया.
नकाशात खंदक नाही.
आर्किटेक्टनं तो व्हरांड्यात बसूनच काढला असावा.

तक्त्यात 'शेरा' नावाचा रकाना असतो,
मी तो सहसा रिकामा सोडते.
सव्विसाव्यापुढे लिहिलं: लावलेला नाही.
खंदकाला रकानाच नव्हता.

उन्हं कलली तेव्हा एकशे एक्केचाळीस झाली होती.
पोशानं गेरूचा डबा मागून घेतला,
खाली गेला,
आणि भिंतीच्या पाचव्या थरातल्या एका दगडावर
माझ्याच अक्षराची नक्कल करत, जपून,
एकशे बेचाळीस काढला.

मी काही बोलले नाही.
एकशे त्रेचाळीस, जांभूळ.