फॅट, फूट, गुंठे

पाणी चढत होतं तेव्हा सगळं उघड होतं.
राजाराम बंधाऱ्यावर किती फूट, किती इंच,
तासातासाला फोनवर यायचं.
शेंबडं पोरगंसुद्धा सांगायचं,
एकोणचाळीस झालं, इशारा.
त्रेचाळीसला म्हशी सोडा.
इंचाइंचाला साक्षीदार होते
तेव्हा.

मग उतरलं.
उसाच्या सुरळीत गाळ बसला,
मळीतलं सोयाबीन काळं पडून वास मारू लागलं.
पंचनामे झाले,
काही बांधावरून, काही देवळाच्या कट्ट्यावरून
चहा घेता घेता.
आणि यादी आली, म्हणे.

पंचायतीत काचेची पेटी आहे.
पेटीला कुलूप, किल्ली रजेवर.
सहा पानं एकाच टाचणीला,
वरचं पान खालच्या पाचांना झाकून.
भूपाल मगदूम काचेला नाक लावून
अर्धा तास आपलं नाव शोधत होता.
त्याला त्याचाच चष्मा दिसला.

मी संस्थेत दूध मापते.
आमच्यात लपवायला जागा नाही.
किटली ओतली, नमुना घेतला,
की भिंतीवर लाल आकडे पेटतात :
म्हैस, सहा पूर्णांक आठ.
गाय, तीन पूर्णांक चार.
रांगेतल्या शेवटच्या माणसालाही कळतं
कुणाच्या दुधात किती पाणी.

आक्काताई कांबळे म्हणाली,
दुधातलं पाणी मशीन सांगतंय बाई.
रानातलं कोण सांगणार?

मी अर्ज दिला.
‘तुला कशाला पाहिजे?’
पाहिजे.
पानाला दोन रुपये, सहा पानांचे बारा.
बारा रुपयांची पावती मिळायला अकरा दिवस लागले.

मंगळवारी सकाळचं दूध संपत आलं,
टँकर यायला वेळ होता.
मी गणपतीतला माईक जोडला आणि वाचायला लागले,
फॅट वाचते तशी,
नाव, गट, गुंठे, रुपये.

बाबालाल नदाफ, गट एकशे बारा, अठरा गुंठे.
‘बरोबर,’ रांगेतून कुणीतरी म्हणालं.
हिंदुराव खोत, माळावरचा गट, साठ गुंठे.
आधी शांतता. मग एकजण हसला :
‘तिथं पाऊससुद्धा इचारून पडतोय!’
हिंदुराव किटली धुवायला नळावर गेला
आणि बराच वेळ धूत राहिला.

आक्काताईचं नाव तिसऱ्या पानावर नव्हतं.
चौथ्यावर नव्हतं.
तिच्या मळीत पाणी छातीला लागलं होतं,
सगळ्या गावानं पाहिलं होतं.

पाचव्या पानावर, वरून सातवं,
माझ्या सासऱ्यांचं नाव होतं.
गट तीनशे एक्केचाळीस. चाळीस गुंठे.
आमचं ते रान टेकाला आहे.
नदीला तिथं यायचं तर
आधी शाळा बुडवावी लागेल.

मामंजी रांगेत तिसरे होते.
माईकमध्ये माझा श्वास सगळ्यांना ऐकू गेला.
एक ओळ गाळली असती
तर कागदाला कळलं नसतं.
मागं भिंतीवर मघाचा लाल आकडा
तसाच पेटलेला.

वाचलं.
नाव, गट, गुंठे, रुपये.

कुणी हसलं नाही.
मामंजींनी किटली काउंटरवर ठेवली,
माझ्याकडं न बघता म्हणाले,
‘थांबलीस का? एक पान राहिलंय.’

त्या दिवशी घरात भांड्यांचाच काय तो आवाज.
नाव कुणी घातलं, मी विचारलं नाही.
त्यांनी सांगितलं नाही.
दिवे लागल्यावर ते सोप्यात
माझ्या पोराकडून अर्ज लिहून घेत होते,
मध्येच आत हाक मारली,
‘पाणी आले नव्हते, असं लिहायचं
का आलेच नव्हते?’

आक्काताईचं नाव अजून आलेलं नाही.
पुरवणी यादी निघणार आहे, असं सांगतात,
तारीख सांगत नाहीत.
ती रोज अडीच लिटर घालते,
मान वर करून आपला आकडा बघते,
पावती घडी करून कनवटीला लावते
आणि जाता जाता विचारते,
‘आज काय वाचणार हाईस का?’