बेटाचं वेळापत्रक

सातारा स्टँडवर एकतीस वर्षं
गाड्या पुकारल्या मी. वाई पाच-चाळीस, मेढा सहा-दहा.
आता ओट्यावर पसरलाय
भरती-ओहोटीचा तक्ता.
ही गाडी लेट होत नाही.
रोज पन्नासेक मिनिटं पुढं सरकते,
आणि तिच्यासाठी तक्रारवही नाही.

बेट नकाशावर तांदळाच्या कणीएवढं.
नुसती वाळू. गाव नाही, विनंती थांबाही नाही.
होडीवाला सोमवारी उत्तर टोकाला सोडणार,
शनिवारी दक्षिण टोकाला न्यायला येणार.
मधलं आपलं आपण.
"मधलं म्हंजे किती, ते सांग की," शौकत म्हणतो.
मी दोरा लावून मोजतो. एकाहत्तर किलोमीटर.
दोरा वाळूत रुतत नाही
हे तो बोलत नाही,
गुडघा चोळतो फक्त.

आम्ही दगडातली माणसं.
अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर
कुठं पडायचं ते पाय विचारत नाहीत.
पण नकाशाच्या कोपऱ्यात बारीक छापलंय :
टेकड्या जागा बदलतात.
एवढं वाचून मी चहा ठेवला.

पाणी माणशी रोज चार लिटर.
सहा दिवसांचे चोवीस किलो, पाठीवर.
पिशवी वजनकाट्यावर चढवली,
भडंग काढलं, दुसरी चादर काढली,
चुन्याची डबी काढली
ती शौकतने परत आत घातली.

रविवारी माहुलीला, संगमावर, सरावाला.
तंबूची खुंटी वाळूत ठोकली,
वाऱ्याने ती अलगद उपसून दाखवली.
पुन्हा ठोकली. पुन्हा.
पलीकडे कुणाच्या तरी तिसऱ्याला आलेली माणसं
राखेचं मडकं धरून
आमच्याकडे बघत राहिली.

शौकतचं पोवई नाक्याजवळ रेक्झिनचं दुकान,
जीपच्या सीटा शिवतो.
त्याने खिशातून चार पिशव्या काढल्या,
वीतभर, रात्री शिवलेल्या, नाड्यांसकट.
तीच वाळू त्यांत भरली,
दोऱ्या बांधून कोपरभर खोल पुरल्या.
"आता वढ."
ओढलं.
तंबू जागचा हलला नाही.

मग हातानं झिरा उकरला.
पाणी आलं, गढूळ. बसून राहिलो.
वरचं निवळलं.
शौकतने ओंजळ भरली, पलीकडे पाहिलं,
आणि ओतून दिली.
"तिकडं पिऊ."

राहिले फॉर्म.
नाव, वय, रक्तगट.
अडचणीत कळवायचा नंबर :
मी शौकतचा लिहिला.
त्याच्या फॉर्मवर पाहिलं तर माझा.
त्याने मुलीला अजून सांगितलेलं नाही,
मी कुणाला सांगणार.

शेवटी दोन्हींवर घातला
स्टँडच्या चौकशी खिडकीचा नंबर.
तो कुणी उचलत नाही,
मला माहीत आहे.
माझ्या कोपराशीच वाजायचा,
आणि मी माइकवर
मेढ्याची गाडी पुकारत असायचो.