पाव आटा सैल

दस्तगीर मुलाणी म्हणाला, आधी चाक उतरव,
मग गोष्ट सांग.

गोडोलीत त्याचं पत्र्याचं गॅरेज,
वर अजिंक्यतारा, त्याच्यावर मनोरा.
मी चाक उतरवलं. गोष्ट अशी :

चाळकेवाडीचं पठार, एकशे चौदा नंबरची पवनचक्की,
आषाढातलं धुकं, डोक्यावरचं पातंसुद्धा फक्त आवाजात.
मागं दोन टेक्निशियन, तेलाचा एक ड्रम.
पुढची चाकं म्हणे आपोआप जोडली जातात,
फोर व्हीलचा दांडा ओढला की हबला आपलं आपण कळतं.
नाही कळलं.
पुढं घेतली की धरायचं, मागं घेतली की सोडायचं,
पुन्हा धरायच्या आत कट् कट् कट्,
जात्यात खडा आल्यासारखं.
आता चिखलातनं निघायचं म्हणजे गाडी झुलवायची, मागं-पुढं,
आणि नेमकी त्या झुलण्यातच
त्याची पकड सुटायची.
साडेआठला कणसे निघाला चालत, ट्रॅक्टर बघायला.
आम्ही ड्रमला टेकून चिवडा खाल्ला.

दस्तगीरनं सहा बोल्ट काढले, चिमट्यानं सर्कलिप,
जुनं हब तळहातावर घेऊन बघितलं
मास्तर पोराची वही बघतात तसं.
"लई शहाणं हाय," म्हणाला,
आणि रॉकेलच्या डब्यात सोडलं.

मग नवे नट. बेअरिंगला बोटानं ग्रीस,
भरून, दाबून, पुरणासारखं.
"आवळ. अजून. आता पाव आटा सैल."
किती पाव? मी विचारलं.
त्यानं खुंटीवरचा ताणकाटा काढला,
मेव्हण्याचा, मासळी तोलायचा,
आकडा स्टडला अडकवून हळू ओढला.
चाकाचा बुंधा सरकला तिथं काटा वाचला,
मान हलवली, नट केसभर मागं घेतला,
पुन्हा ओढला.
"सुरमई न्हाय ही. जरा जास्त झालं तर जळतं,
जरा कमी झालं तर चाक डुलतं."

वरून बसवली नवीन टोपी. तिच्यावर गोल खटका,
दोनच शब्द : फ्री, लॉक.

आता सज्जनगड फाटा सोडला, डांबर संपलं
की मी थांबतो, पावसात उतरतो,
डावीकडं वाकून खटका फिरवतो,
बॉनेटला वळसा घालून उजवीकडं.
कणसे काच खाली करून हसतो :
एवढे पैसे घालवले, ते खाली उतरायला?
मी काही बोलत नाही. पाणी मानेतनं आत जातं.
खटका बसल्याचं बोटांना कळतं,
ते त्याला कसं सांगायचं.

काल मात्र विसरलो.
पठार उतरलो, ठोसेघर गेलं, बोरणे घाट गेला,
खालून एक बारीक गुणगुण सोबतीला
आणि मला वाटत होतं टायर वाजतायत.
पोवई नाक्यावर, सिग्नलला, लख्ख पेटलं डोक्यात.
उतरलो. गुडघा टेकला रस्त्यात.
मागं एसटीचा हॉर्न, त्याच्या मागं अजून दहा.
पोलीस धावत आला :
काय पडलं काय?

न्हाय साहेब, म्हणालो,
चाक सोडतोय.
अजून एक ऱ्हायलंय, त्या बाजूचं.