कंसाशिवाय नाव

कंस काढ, योउनी.
फंक्शनचं नुसतं नाव लिही.
कंस लावलास तर ते आत्ताच धावत सुटेल,
आणि खिडकी तर अजून उघडलेलीसुद्धा नाही.
आपल्याला हाक मारायची नाहीये,
फक्त सांगून ठेवायचंय,
कुणी हाक मारली तर ओ कोण देणार.

केमीच्या बंदरात दुपारी तीनलाच दिवे लागलेत.
बाहेर समुद्र दिसत नाही, पांढरं पठार दिसतं,
आणि बर्फफोड्या जहाजानं त्यात ओढलेली काळी रेघ
मागच्या मागे सांधत चाललेली.

ही बघ यादी.
माउसचं बटण दाबलं, की हा.
खिडकी लहानमोठी झाली, की हा.
कळफलकाला दोघे, कारण मार्टीला शॉर्टकट हवे होते
आणि मार्टीला नाही म्हणणं या कचेरीत कुणाला जमलेलं नाही.
प्रत्येकाबरोबर एक पुडकं द्यायचं, वर काही न लिहिता.
आत काय ते देणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला.
मधला टूलकिट पोस्टमनसारखा, उघडून बघत नाही.
चुकीचं दिलंस तरी तो चकार शब्द काढणार नाही.
रात्री दोनला प्रोग्राम कोसळेल
आणि फोन मला येईल.

मग शेवटची ओळ, मुख्य फेरा.
तो सुरू झाला की तुझ्या हातात काही राहत नाही.
मला हे फार दिवस पटत नव्हतं.
मी शिकले तेव्हा प्रोग्राम वरून खाली वाचता यायचा,
पत्रासारखा.
मग वडिलांची आठवण झाली.
ते बर्फाला सात भोकं पाडत, सात काठ्या रोवत,
प्रत्येकीला एक घुंगरू,
आणि स्लेजवर बसून सॉसेज खात.
शेजारचा काल्लेवी मात्र दर मिनिटाला
एकेका भोकात डोकावत फिरायचा.
मासे दोघांना सारखेच मिळायचे, खरं सांगायचं तर.
पण काल्लेवीची पाठ गेली.

आता तुझा तो राखाडी चौकोन.
सिर्क्का म्हणते, हवामानाचा नकाशा वर आणला आणि बाजूला केला
की आपल्या खिडकीत भोक पडल्यासारखं दिसतं.
पडणारच.
खिडकीला आठवण नसते, योउनी.
झाकलेला कोपरा उघडा पडला की ती विचारते,
इथे काय होतं?
आणि आपण तिथे ओ द्यायला कुणाला नेमलंच नव्हतं.
मंगळवारी त्या राखाडीखाली एक जहाज होतं,
कागदाची रिळं भरलेलं, अकरा माणसांचं.
काही झालं नाही. म्हणून तर आज आपण शांतपणे बोलतोय.

आणि हे फुलीच्या बटणावरचं.
बंद करा, ही आज्ञा नसते. विनंती असते.
आपण 'खरं' असं उत्तर दिलं तर खिडकी राहते,
'खोटं' म्हटलं तर जाते.
उलटं वाटतं, मलाही वाटतं, पण ते तसंच आहे.
हे ओन्नी केस्तीनं लिहिलं. तुझ्या जन्माआधी.
बाहेर एकही जहाज असेल
तर त्याचं फंक्शन खिडकी मिटू देत नाही,
खाली बारीक अक्षरांत आकडा दाखवतं.
निवृत्तीच्या दिवशी केक कापून झाल्यावर
त्यानं कोट चढवला, फुलीवर टिचकी मारली.
आकडा आला, तीन.
त्यानं कोट काढला.
आम्ही हसलो. तो नाही हसला.
शेवटचं जहाज सकाळी सव्वासहाला लागलं.

नव्या यंत्रणेत ते काम सर्व्हर करतो,
तेव्हा आज हे काढायचं आहे.
फक्त क्रम सांभाळ.
आधी यादीतलं नाव खोडायचं, मग त्याची जागा मोकळी करायची.
उलट केलंस तर हाक जाते रिकाम्या घरात,
आणि तिथून ओ म्हणून जे येतं
ते कुणाचं असतं, सांगता येत नाही.

तू काढ.
मी कॉफी आणते.