तीनदा

वडिलांच्या अस्थी रामकुंडात सोडून झाल्यावर
गायधनी गुरुजींनी लाल खारव्यातली वही काढली,
आडवी, लांबट, कडा शिळ्या भाकरीसारख्या.
"खैरनार, मुक्काम ताहाराबाद," पुटपुटत
थुंकी लावून पानं मागे मागे नेली.

मी कुलपाचा विचार करत होते.
इंदिरानगरच्या फ्लॅटचं कुलूप तीनदा ओढून पाहिलं होतं,
तिसऱ्यांदा जिना चढून परत जाऊन.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हे थोडं रक्तातून येतं,
थोडं कशातून येतं ते अजून नीट सांगता येत नाही;
गोळी रात्री, जेवणानंतर.
मला बरं वाटलं होतं. रक्तावर ढकलता आलं
की माणूस जरा सैल बसतो.

"हे तुमचे पणजोबा." शके अठराशे त्रेचाळीस.
बोरूची अक्षरं, डावीकडे कललेली:
दगडू शिवराम. खाली पुन्हा दगडू शिवराम.
त्याखाली, शाई संपत आलेली तरी, दगडू शिवराम.
गुरुजी हसले. "आमचे आजोबा सांगायचे,
हा गृहस्थ पायरीपर्यंत जाऊन परत यायचा,
नाव लागलं ना? पुसणार नाही ना?"

कधी न पाहिलेल्या माणसाची धडधड
माझ्या बरगडीखाली ओळखीची निघाली.
शेत गेलं, तोंडातली अहिराणी गेली,
नाकंसुद्धा बदलली,
आणि हे एवढंसं, मागे वळून बघणं,
कुणी हातात न देता पोचलं.
वडिलांनी सही एकदाच केलेली.
खाली दोन ठिपके मात्र होते,
कागद फाटेल इतके दाबून.

निहार शेजारी उभा. अकरा वर्षांचा.
मी घरी आणलं तेव्हा आठ महिन्यांचा होता,
कागदावर आईच्या रकान्यात नुसती रेघ.
त्याची वही कुठल्या घाटावर असेल कोण जाणे.
माझ्यातला कणही त्याच्यात नाही
हे मी स्वतःला कितीदा सांगितलंय, सुटका म्हणून.

चप्पल पायरीवर काढून तो चार पावलं आला,
वळला, चप्पल पाहिली.
पुन्हा वळला.
पुन्हा.

गुरुजींनी पेन पुढे केलं, "लिही बाळ, नाव."
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
"आई, किती वेळा?"

एकदा, मी म्हणाले.
पेन टेकलं तेव्हा परत म्हणाले, एकदाच.
तिसऱ्या वेळी ओठ मिटून धरले
आणि त्याच्या चपलेवर नजर ठेवली.