रुमालाखाली

एकेचाळीस वर्षं सांगलीच्या यार्डात
माझी बोटं रुमालाखाली बोलत आली.
पाच बोटं, दोन बोटं, एक चिमटा,
समोरच्यानं मान हलवली की सौदा.
त्याला डोळे लागत नाहीत.
डोळे लागतात त्याच्या आधी,
हळकुंड मोडायचं, कट्‌ ऐकायचा,
आणि गाभ्याचा रंग बघायचा.

दोन वर्षं सगळा माल मला सारखाच मळका दिसत होता.
चुना पिवळट, ताक पिवळट,
पद्मलचं पांढरं पातळसुद्धा.
म्हटलं, यार्डातली धूळ बसलीय, झटकून घाल.
ती म्हणाली, धूळ पातळावर नाही.

मिरजेला मुजावर मॅडमनी डोळ्यात दिवा धरला.
मी विचारलं, पिकलाय का?
आमच्यात म्हणतात, पिकू द्यावा, मग काढावा.
"आंबा आहे का तो, मगदूमकाका?
ही वरची साय नव्हे, पुसून निघायला.
आतलं भिंगच गढूळलंय,
जन्माला येताना आणलेलं.
फार थांबलात तर गाभा कडक होतो,
फोडायला जड जातो."
हे मात्र मला लगेच पटलं.

तोंडावर हिरवं फडकं, फडक्याला एकच भोक,
त्या भोकात माझा उजवा डोळा,
थेंबांनी बधीर, मिटता न येणारा.
दिव्याकडे बघा, कुणीतरी म्हणालं.
तीन दिवे होते, त्यांचं पाणी झालं.
मग बारीक घुंई.
गाभा फुटत असणार,
पण कट्‌ आला नाही.
बाईंची बोटं काय बोलत होती कळेना.
सौदा माझाच,
आणि भाव मला ठाऊक नव्हता.

वीस मिनिटं. टाका नाही.
मसुराच्या डाळीएवढं नवं भिंग.

सकाळी पट्टी निघाली.
पांढऱ्यात इतकं निळं असतं
हे मी कधी विसरलो?
उजवा मिटला की जग चहात बुडवलेलं,
डावा मिटला की धुतलेलं.
दिवसभर हेच.
पद्मल म्हणाली, या वयात डोळा कुणाला मारताय?

महिनाभर यार्ड बंद.
धूळ नको, वाकणं नको, डोक्यावरून पाणी नको.
बसल्या बसल्या नमुन्यांचा खण आवरायला काढला.
तुंगच्या रंजना आवटींची पुडी,
मागल्या फाल्गुनातली.
वर माझ्याच अक्षरात: दुय्यम.
त्या भांडल्या नव्हत्या.
हळकुंड मोडून नुसतं पुढे धरलं होतं,
आणि मी म्हणालो होतो, दिसतंय.

पुडी सोडली.
उजव्यानं पाहिलं:
झेंडूच्या देठाजवळ असतो तो रंग, ओला वाटावा असा.
डाव्यानं पाहिलं: दुय्यम.
परत उजव्यानं.

डाव्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

पुडीवर त्यांचा नंबर.
बारदानाचे पैसे राहिले होते म्हणून
मी दोनदा लावला होता, लागला नाही.
शेवटचा आकडा मी एक वाचत होतो.
नऊ आहे तो.