विजयकरांची जिप्सी

पार्ल्याच्या त्या गॅरेजात ती
कव्हरखाली, चार विटांवर उभी होती.
विजयकरांनी कव्हर ओढलं तसं
धुळीबरोबर मांजराचं एक पिल्लू बाहेर आलं
आणि नाराज होऊन निघून गेलं.

"एकहाती गाडी. दोन हजार नऊची.
पासिंग नवं करून घेतलंय, पाच वर्षं बघायला नको.
डोंगर पाहिलेत हिनं, जव्हार, भंडारदरा.
समुद्रावर, वाळूत, कधीच नाही.
आणि फोर-बाय-फोर तर मला लागलंच नाही हो,
नीट चालवणाऱ्याला लागत नाही."

मी मान डोलावली.
एकावन्नाव्या वर्षी बँकेतून सुटलेल्या मला
नीट चालवायचं नव्हतं.
एक तंबू घेऊन ठेवला होता, दोन वर्षं माळ्यावर, बिलासकट.
घरी सांगून आले होते, दाताच्या डॉक्टरकडे जातेय.

इद्रीस कुर्ल्याहून आला होता,
पाचशे रुपये आणि चहाच्या बोलीवर.
टॉर्च दातांत धरून तो खाली सरकला,
बाहेर नुसत्या चपला.
स्क्रूड्रायव्हरनं चॅसी वाजवत गेला
ठण्, ठण्, ठण्,
एका जागी ठप्प.
बाहेर येऊन बोटावरची तांबूस पूड
त्यानं जिभेला लावली.
"खारं आहे."

"मुंबईची हवा, मित्रा," विजयकर हसले.

इद्रीस पुढच्या चाकाशी उकिडवा बसला,
हब हातानं फिरवला.
खट्. नव्या कुलपासारखा.
"न वापरलेला हब जाम होतो, साहेब.
ह्याला कुणीतरी ग्रीस भरत होतं."
छोट्या लिव्हरची मूठ दाखवली,
आकडे पुसलेले,
तळव्याएवढं काळं चकचकीत.

मग मीच ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं.
मूठभर वाळू,
आणि चार घड्यांचं एक तिकीट.
दाभोळ ते धोपावे फेरीबोट. चारचाकी एक, माणूस एक.

चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी तारीख वाचली.
पुन्हा वाचली.
"त्या आठवड्यात शशिप्रभा नाशकात होती.
बहिणीकडे.
दर फेब्रुवारीत जायची."
वर पत्र्यावर कावळा चालत होता,
त्याची नखं ऐकू येत होती.
"तिला क्लच जड जायचा," ते म्हणाले,
आम्हाला नव्हे,
लिव्हरला.

चार लाखांचे तीन चाळीस करायची
सगळी वाक्यं मी पाठ करून आले होते,
आणि गंजाचं हत्यार तर आयतं हातात होतं.
उचलवेना.
त्यांनीच म्हटलं, "वेल्डिंगचे वजा करा."
मग बराच वेळ हबकडे बघत,
"ह्यासाठी खाली उतरावं लागतं? वाळूत?"
"दोन्ही बाजूंनी," इद्रीस म्हणाला.
"एकटीला?"
इद्रीसनं बशीत चहा ओतला.
"घाई नसली की जमतं."

फॉर्म एकोणतीस, फॉर्म तीस,
सही जराही हलली नाही.
तिकीट मात्र त्यांनी मागून घेतलं
आणि पाकिटात ठेवलं,
नोटांच्या नव्हे, लायसन्सच्या कप्प्यात.

साडेआठला भांडुप.
स्टिल्टमधल्या पाइपाला कॅरियर बोटभर घासला,
उद्या सेक्रेटरींची नोटीस येईल.
मी उतरले.
डावा हब फिरवला, वळसा घालून उजवा.
गुडघे वाजले.
लिव्हर दाबून मागे ओढली,
आणि पोट भरलेल्या म्हशीसारखी
गाडी पुढे सरली.

हरिनंदन काठी टेकत आला.
"कुठे निघालात, मॅडम?"
"कुठे नाही. वीतभर."

तेवढ्यात वरून फोन,
दात काढला का?
म्हटलं, नाही.
हलतोय अजून.